खळीची चव

आमच्या शाळेच्या पोषण आहाराच्या चव नोंदवहीत गेल्या आठवड्यापासून एक नवा पदार्थ आहे. पदार्थाचे नाव : खळ. इयत्ता : सातवी. शेरा : 'घट्ट आहे. लवंगेचा वास येतो. मीठ नाही.' खाली चव घेणाऱ्याची सही आहे, ती माझी. मी चित्रकला शिकवतो.

सातवीचे कागदी मुखवटे चालू आहेत. त्यांचे कागद चिकटवायला खळ लागते, ती शिजवायला शेगडी लागते, आणि शाळेत शेगडी एकच, खिचडीची. म्हणून खिचडी उतरली की मावशींच्या परवानगीने मी माझं पातेलं चढवतो. त्या दिवशी नेमके आहार तपासणीला साहेब आले.

खळ म्हणजे नुसतं पीठ कालवणं नव्हे. कच्च्या मैद्याचं पाणी कागदाला चिकटल्यासारखं वाटतं, पण वाळलं की पापुद्रे सुटतात. शिजवावंच लागतं. वाटीभर मैद्याला पाच वाट्या पाणी. त्यातल्या एका वाटीत मैदा गारच कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही. उरलेलं पाणी उकळलं की त्यात धार धरून सोडायचा आणि तळ खरवडत ढवळत राहायचं. दुधाळपणा जाऊन अर्धपारदर्शक दिसायला लागलं की स्टार्च फुलला, उतरवा. अर्ध्या किलोला साधारण चार लिटर पाणी, त्यात बेचाळीस मुलांचे दोन थर निघतात. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद टाकतात, त्याने कसर लागत नाही. पण ते विष आहे. मुलांचे हात तासभर त्यात असणार, आणि पातेलं उद्या पुन्हा डाळीला जाणार. मावशींनी तर पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "मन्हा पातेलामा हाई जहर टाकू नका, गुरुजी." म्हणून मी लवंग तेलाचे सात-आठ थेंब टाकतो. दोन दिवस टिकते. पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबूस येते, मग वर्गातली मुलं एकमेकांच्या बुटांकडे बघायला लागतात.

तर साहेबांनी झाकण काढलं.

"हे काय?"

"खळ, साहेब."

"आजच्या मेनूत नाही."

"मेनूतली नाही, चित्रकलेची आहे."

"कोणत्या वर्गाला?"

"सातवीला."

"पट?"

"बेचाळीस."

साहेबांनी लिहून घेतलं. सरकारी वहीत एकदा पट चढला की पुढचा पदार्थ मागे घेता येत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी ढवळत होतो.

"धान्य किती?"

"मैदा, अर्धा किलो."

"मैदा आपल्या योजनेत येतच नाही. सहावी ते आठवीला मुलामागे दीडशे ग्रॅम तांदूळ. बेचाळीस गुणिले दीडशे..." त्यांनी बोटांवर धरलं, "सहा किलो तीनशे. आणि तुम्ही अर्ध्या किलोत भागवता?"

यात संशय होता की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"साहेब, हे खायचं नाहीये."

"मग मुलं खातात काय?"

"खिचडी. ते मोठं पातेलं."

"अच्छा. म्हणजे हा पूरक आहार."

इथे मावशींना राहवलं नाही. "साहेब, हाई खावानं नही शे. कागदले लावानं शे."

"मावशी, मला अहिराणी समजते," साहेब म्हणाले.

समजली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. त्यांनी पळी उचलली, खळ वरून सोडून धार बघितली. जाणकार माणूस असावा, कारण म्हणाले, "गुठळी नाही." मावशींनी लगेच श्रेय घेतलं, "कुरडईना चीक बी आसाच ऱ्हास." चिकाचं नाव निघाल्यावर साहेबांचा चेहरा सैलावला. त्यांच्या घरी कुरडया कशा करतात, गहू किती दिवस भिजवतात, त्यांच्या आईच्या हाताला कसा अंदाज होता, असं सगळं झालं. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात नोंदवही पुन्हा उघडली.

"चव कोणी घेतली?"

"कुणीच नाही."

पेन थांबलं. "वाटपाआधी अर्धा तास शिक्षकाने चव घ्यायची, हा नियम तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. पण हे..."

"वाटप होणार आहे की नाही? एवढंच सांगा."

वाटप होणार होतं. दोघा मुलांत एक, अशा एकवीस वाट्यांत मीच ते करणार होतो. खोटं कसं बोलायचं? साहेबांनी स्वच्छ चमचा पुढे केला. शेजारी मुख्याध्यापक उभे होते; ते छताच्या पंख्याकडे बघत राहिले. मी चव घेतली. शेरा साहेबांनी स्वतः विचारून लिहिला, माझ्या तोंडून मीठ नाही हे वदवून घेतलं, आणि जाताना सल्ला दिला की पुढच्या वेळी पालेभाजी टाका.

बरं झालं हे साहेब पाचव्या शतकात अजिंठ्याला गेले नाहीत. तिथे भिंतीला आधी माती, भाताचा कोंडा आणि काडीकचऱ्याचे तंतू मळून गिलावा दिलाय, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसाच्या रंगात चित्रं. कोंडा कुठल्या शिल्लकीतून आणला, मजुरांचा पट किती, चव कोणी घेतली, एवढं विचारायला कुणी असतं तर पद्मपाणी अजून मंजुरीत अडकला असता. अजिंठा आमच्या भागापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखा. दरवर्षी सहल जाते. मुलं येताना फोटो आणतात, त्यात लेणं मागे असतं.

असो. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. साहेबांना निदान पातेलं तरी दिसलं. बाकी कुणाला चित्रकलेच्या तासातलं काहीच दिसत नाही, फक्त शेवटी भिंतीवर टांगलेलं दिसतं.

मुखवट्याचं काम खळीच्या कितीतरी आधी सुरू होतं. पहिल्या तासाला कागदावर चार चौकोन आखायचे, खोडरबर दप्तरात. प्रत्येक चौकोनात एक चेहरा, तीन-तीन मिनिटांत. पहिल्या चौकोनात गणपती, जोकर नाहीतर मोबाइलमधला कुणी उडणारा येतो. दुसऱ्यात वाघ. तिसऱ्यात शेजाऱ्याच्या वहीतला वाघ. चौथ्याला डोक्यातलं उसनं सामान संपतं आणि पोरं खिडकीबाहेर बघायला लागतात. तिथे घाई करायची नाही, गप्प बसायचं. यंदा चौथ्या चौकोनात निघालं ते असं : मुकुट घातलेलं भरताचं वांगं, डोक्यावर चुंबळ ठेवून केळीचा घड वाहणारा, एक भुवई वर चढवलेला मजूर, गेलेली लाइट, जिचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा मिणमिणता, यावर ती मुलगी ठाम होती, आणि दोघींच्या वहीत कानबाई, आमची खानदेशातली देवी.

मग एकच निवडायचा आणि तो मोठ्या खाकी कागदावर खऱ्या मापात काढायचा, समोरून आणि बाजूनेही. बाजूचं चित्र सगळ्यांना नको असतं. पण मुखवट्याचं नाक समोरच्या चित्रात कळत नाही. ते किती पुढे येणार, हनुवटी कुठे वळणार, हे बाजूनेच ठरतं. ज्यांनी बाजू काढली नाही त्यांचे चेहरे फुग्यासारखे गोल राहतात, कारण आत फुगाच असतो.

या चौकोनांबद्दल एका पालकांनी विचारलं, "सर, याला मार्क किती?" मार्क इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला असतात, ए श्रेणीला दहावीत सात. चौकोनांना नसतात. ते म्हणाले मग थेट फायनलच करून घ्या ना, वेळ वाचेल. त्यांच्या घरी वेळ वाचवायचा मार्ग सापडलेलाही होता. बाजारपेठेत प्रोजेक्टची दुकानं आहेत, तिथे विज्ञानापासून किल्ल्यापर्यंत सगळं तयार मिळतं, वर मुलाचं नाव टाकून देतात. थर्मोकोलच्या सजावटीवर 2018 पासून राज्यात बंदी आहे, पण त्या दुकानात 'थर्मोकोल' म्हणायचं नाही, 'पांढरी शीट' म्हणायचं, मग मिळते.

पुढचं काम हातचं आहे. दहा इंची फुगा, जोडीत एक. उभा कापला की दोन मुखवटे निघतात. आडवा कापला तर एकाला कपाळ येतं आणि दुसऱ्याला गाठ, मग मारामारी. वर्तमानपत्र फाडायचं, कात्री लावायची नाही. फाटलेल्या कडेला तंतू मोकळे राहतात, ते एकमेकांत बसतात. कापलेल्या कडेची रेघ रंगाखालूनही दिसते. कागद एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वाकडातिकडा, हे मुलांना आधी करून बघू द्यावं. पट्टी दोन बोटं रुंद, वीतभर लांब. पहिला थर नुसत्या पाण्याने, म्हणजे फुगा सुटतो. दुसरा खळीने. तिसरा मुद्दाम वेगळ्या रंगाच्या कागदाचा, पांढरा किंवा गुलाबी, नाहीतर कुठे लागला आणि कुठे राहिला ते कळतच नाही आणि गालाला भोक पडतं. असे पाच-सहा थर. एका दिवसात दोनच. घाई करून चार लावले की वरचा वाळतो, आतला ओला राहतो आणि आठवड्याने मुखवट्याला आतून बुरशीची दाढी येते.

वाळवणं हाच खानदेशातला खरा घोळ. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, उन्हात ठेवा. आमच्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात ओला फुगा ठेवला की आतली हवा फुगते, वरचा थर ताणून तडकतो, कधी फुगाच फुटतो. टिकला तर रात्री आक्रसतो आणि आतून सुटतो, वाळलेला चेहरा चपटा होतो. म्हणून सावलीत, वारा लागेल असा, दोरीला टांगून. दोरी कुठे बांधायची? चित्रकलेच्या खोलीत आता संगणक आहेत, त्यातले बरेच बंद. म्हणून व्हरांड्यात. एकवीस डोकी टांगलेली बघून टपालवाले बाहेरूनच टपाल देऊन गेले.

नाकाला कागदाचा चुरगळलेला गोळा, मास्किंग टेपने धरायचा, आणि जोडावर पट्ट्या आडव्या न्यायच्या. जोडाच्या रेषेत लावल्या तर तिथेच उकलतो. डोळ्यांची भोकं वाळल्यावर, चाकू माझ्याच हातात. नाडीची भोकं कानाच्या रेषेत, आतून कापडाचा तुकडा चिकटवून, नाहीतर पहिल्याच ओढीला कागद फाटतो. रंगाआधी खडूची पूड आणि फेविकॉलचा पांढरा हात हवाच. तो न देता पिवळा लावला की खालची शाई वर येते. एका कानबाईच्या गालावर सोन्याचे भाव वाचता येत होते. केसांसाठी केळीची वाळलेली सोपटं उभी चिरायची. कडक वाळली तर मोडतात, थोडं पाणी शिंपडून घ्यावं. वांग्याने केसांना नकार दिला, त्याला देठ हवा होता, आणि तो बरोबर होता. जळगावचं भरताचं वांगं हिरवं, त्यावर पांढुरक्या रेघा. तिघा पालकांनी मला सांगितलं की वांगं जांभळं असतं. खानदेशात राहून!

आता सगळे मुखवटे तयार आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला लागतील, असं मला न विचारता ठरलं आहे. 'स्वागतम्'ची अक्षरंही माझ्याचकडे आहेत. वार्निशचा दुसरा हात तेवढा राहिला आहे. तो नाही दिला तर मैद्यासाठी उंदीर येतात, आणि ते नाकापासून सुरुवात करतात. हात द्यायला एक तास पुरला असता. वेळापत्रक बघायला गेलो तर शुक्रवारच्या सहाव्या तासातली 'चित्रकला' खोडून वर 'शिष्यवृत्ती गणित सराव' लिहिलेलं आहे. खोडलंय ते माझ्याच डब्यातल्या लाल स्केचपेनने, आणि टोपण परत लावलेलं नाही.