आमच्या रात्रीच्या गाडीला एक स्टार देणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. तक्रारी तीन: फोटोतला चालक वेगळा आणि आलेला वेगळा, वाटेत त्याची बडबड थांबेना, आणि घराच्या कोपऱ्यावरून गाडी तीनदा फिरून निघालो त्याच झाडाखाली.

फोटोची चूक आमची. चालक वेताळ आहे हे बुकिंगच्या वेळीच लिहिलेलं असतं. आता वेताळ म्हटला की राहणार मेलेल्याच्या देहात, आणि देह काही टिकत नाही. त्याने मुक्काम बदलला की फोटो बदलायचा, हे काम माझं; या वेळी राहून गेलं. वासाचं म्हणालात, तेही त्यातच आलं.

बडबडीवर उपाय म्हणून रेडिओ लावून पाहिला. तो बातम्या देणाऱ्यालाच प्रश्न विचारत बसला.

गाडी परत फिरण्याबद्दल मात्र थोडं बोलतो. गोष्ट संपली की तो प्रश्न विचारणार, तुम्ही तोंड उघडलंत की झाडाकडे वळणार. ही खोड सोमदेवाने अकराव्या शतकातच ‘कथासरित्सागरा’त लिहून ठेवली आहे. म्हणून तर सीटमागे पाटी लावली: ‘चालकाच्या प्रश्नाला उत्तर देऊ नये.’ कॅमेऱ्यात दिसतं, दुसऱ्या फेरीला तुम्ही ती मोठ्याने वाचलीत. मग त्याने मुंडक्यांची अदलाबदल झालेल्या दोघांची गोष्ट सांगितली, यातला बाईचा नवरा कोण असं विचारलं, आणि तुम्ही सीटच्या टोकाला सरकून ओरडलात, ‘नवऱ्याचं डोकं ज्याच्या धडावर, तो!’ उत्तर बरोबर होतं साहेब. विक्रम राजानेही हेच दिलं होतं. त्यालाही परत झाडापाशी जावं लागलं.

‘माहीत असून गप्प बसलात तर डोक्याची शकलं होतील’ असं तो म्हणाला, हे मात्र मला अजिबात चालणार नाही. ते वाक्य गाळायचं, असं त्याच्याकडून लेखी घेतलं होतं. आता म्हणतो, सवयीने तोंडातून गेलं. पुन्हा ताकीद दिली आहे.

तिन्ही जादा फेऱ्यांचं भाडं आजच परत करतो. पुढच्या वेळी बसलात तर त्याच्याकडे शेवटचीच गोष्ट मागा: बापाने एका मुलीशी लग्न केलं आणि त्याच्या मुलाने त्या मुलीच्या आईशी, तर त्यांची पोरं एकमेकांची कोण? तिथे राजाचीही बोलती बंद झाली होती. आमची रोजची गिऱ्हाइकं तीच सांगायला लावतात आणि बोटांवर नाती मोजत मोजत घरी पोहोचतात.