स्वभाव : चिडका

आक्काच्या कार्डावर काल प्राण्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी लाल पेनाने लिहिलं, 'स्वभाव : चिडका'. ११ वर्षांत त्या रकान्यात कुणी काही लिहिलं नव्हतं. असा रकाना आहे हेच मुळी मला ठाऊक नव्हतं. आणि बंड्याच्या नव्याकोऱ्या कार्डावर त्याच बाईंनी, त्याच पेनाने लिहिलं, 'खेळकर'.

मामला थोडक्यात सांगते. आक्का ही आमची कुत्री, ११ वर्षांची, ५ किलोची, आपण बरं की आपली उशी बरी अशा वृत्तीची. बंड्या लॅब्राडोर, वय ३ महिने, वजन आताच १० किलो. गेले दोन आठवडे तो तिच्या कानाला, शेपटीला, मागच्या पायाला, जे हाती लागेल त्याला (म्हणजे दाती लागेल त्याला) लोंबकळतोय. पिल्लाच्या तोंडात २८ दुधाचे दात असतात. ज्याने कुणी या वस्तूला 'दुधाचे' म्हटलं त्याची पोटरी एकदा बंड्यासमोर धरायला हवी. सुयांचा डबा आहे नुसता. चौथ्या महिन्याच्या आसपास हे दात पडायला लागतात म्हणून मी दिवस मोजत होते. मग कळलं की सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के येतात. म्हणजे तह नाहीच, नुसती शस्त्रं बदलायची.

पिल्लं एरवी हे भावंडांत शिकतात. जोरात चावलं की समोरचं केकाटतं, खेळ सोडून निघून जातं, आणि चावणाऱ्याला कळतं की एवढं जोरात नाही. आमचं रत्न आईला एकुलतं एक. त्यामुळे त्याचा हा सगळा अभ्यासक्रम बुडाला आणि तो आता आक्काच्या कानावर भरून काढतोय. मध्यंतरी मला कुणीतरी सांगितलं की तो चावला की आपणच पिल्लासारखं केकाटायचं. मी केकाटले. बंड्या इतका खूश झाला की त्याने दुसरा पाय धरला. खालच्या मजल्यावरून फोन आला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

तर आक्काच्या कानावर ओरखडा उठला होता आणि बंड्याची लस होती. दोघांना एकदमच न्यावं असं मला वाटलं. मूर्खपणा माझाच.

प्रतीक्षा कक्षात शेजारी एक काका बसले होते. साठीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर मांजराची जाळीदार पेटी. बंड्याने पेटीला नाक लावून भरपूर हुंगलं. आतून फिस्सदेखील आलं नाही.

"तुमचं मांजर फारच शांत आहे हो," मी म्हणाले.

"आत नाहीये."

"म्हणजे?"

"सकाळपासून कपाटावर बसलीये. खालीच येईना. वेळ तर घेतलेली होती. म्हटलं, आपण तरी जाऊन यावं."

एवढं ऐकून मी जागा बदलायला हवी होती. पण एका हातात बंड्याचा पट्टा, दुसऱ्या हाताने आक्का छातीशी धरलेली, पर्स दातांत धरायची बाकी. तेवढ्यात बंड्याने उडी मारून आक्काचा दुखरा कानच पकडला आणि आक्का गुरगुरली. हळूच. आमच्या मिक्सरचा आवाजसुद्धा याहून मोठा आहे. पण अख्ख्या खोलीने "बाप रे!" केलं. एक बाई म्हणाल्या, "केवढीशी आहे आणि किती खुनशी!"

"थोरली तापट दिसते," काका म्हणाले.

"तो तिचा कान चावतोय, काका."

"बाळ आहे हो ते."

"बाळाचं वजन तिच्या दुप्पट आहे."

"वजनाचं काय घेऊन बसलात ताई, वय बघा."

"वयच बघा म्हणतेय मी!"

काकांनी पेटी खाली ठेवली. माणूस पेटी खाली ठेवतो तेव्हा दोन्ही हात लागणार असतात. "तुमच्या घरात म्होरक्या कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, लाइटचं बिल मी भरते.

"तसं नाही. लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो. तो आधी खातो, बाकीचे नंतर. दारातून आधी तो जातो. तुम्ही दारातून आधी जाता का?"

"जाते कधीकधी."

"कधीकधी!" काकांनी खोलीकडे पाहिलं. खोलीनेही माना हलवल्या. एक पोपटवाले गृहस्थ तर आपला पिंजरा सरसावून पुढे आले. "तिथेच चुकतंय. तुमच्या घरात मालक हे दोघं आहेत, तुम्ही नाही. गुरगुरली की तिच्यावर जोरात ओरडायचं. आणि याला उताणा पाडून दाबून धरायचा, नजरेला नजर देऊन. एकदा कळलं पाहिजे, राज्य कुणाचं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "अजून वरच? ... नाही, ओढू नका, ओरबाडेल. तिला तिचा वेळ द्या."

मला यावर बोलण्यासारखं इतकं काही होतं, आणि ते सगळं घरी कुलपात चावी फिरवताना सुचलं. रात्री तर उठून वाचूनच काढलं. लांडग्यांच्या म्होरक्याची ही कल्पना गाजली ती रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर लिहिलेल्या निरीक्षणांवरून. कोंडून ठेवलेलेच ते, भांडणार नाहीत तर काय करतील? ती कल्पना पुढे लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक, डेव्हिड मीच, यांनीच १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. हे वाचून मी अंधारात "बघा!" असं मोठ्याने म्हणाले. बघायला काका नव्हते. बंड्या मात्र जागा झाला.

गुरगुरण्याचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात मीही तेच केलं होतं, हे कबूल करायला लाज वाटते. तो चावायचा, ती गुरगुरायची, आणि मी ओरडायचे कुणावर? तिच्यावर. "आक्का, लहान आहे ना तो!" गुरगुरणं ही कुत्र्याची नोटीस असते. ती द्यायचीच बंदी केली की एक दिवस नोटीस न देता थेट दात लागतात. हे मला माहीत होतं. तरी तोंडातून तेच वाक्य आलं, कारण ते तोंडात बसलेलं आहे. मी घरातली थोरली. माझी कंपासपेटी, माझी रंगपेटी, माझ्या वहीची मधली पानं, सगळं 'लहान आहे ना तो' या एका कलमाखाली गेलं, आणि मी रडले तर मी चिडकी. तो लहान आता ४१ वर्षांचा आहे आणि अजून लहानच आहे. असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लेख घरात कुणी वाचणार नाही.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत काम संपवलं. दोघांना एकट्याने सोडू नका. दाराला जाळीचं फाटक लावा. घरातही त्याला हलका पट्टा असू द्या, म्हणजे चावायच्या आधी बाजूला घेता येईल. चघळायला त्याचं त्याचं काहीतरी द्या. तिला त्याला चढता येणार नाही अशी उंच जागा द्या. आणि त्याला झोपवा, या वयात १८ ते २० तास झोप लागते, झोप कमी पडली की ही पिल्लं पिसाळल्यासारखी चावतात. मग त्यांनी आक्काचा कान पुसला. औषध झोंबलं, आक्का गुरगुरली. टेबलापलीकडच्या बाईंनी लाल पेन उचललं.

"अहो, तिला दुखलं म्हणून," मी म्हणाले.

"आमच्या सोयीसाठी असतं ते."

"मग याच्यावरही लिहा, चावतो म्हणून." बंड्या त्या वेळी त्यांच्या ओढणीचं टोक चघळत होता.

"हा? हा बाळ आहे," म्हणत त्यांनी त्याचे गाल ओढले.

"निदान खोडा तरी ते."

"पेनाने लिहिलंय ना, ताई."

बाहेर येताना काकांना आत बोलावलं गेलं. ते रिकामी पेटी घेऊन, दारातून आधी, आत गेले.

घरी आल्यावर आक्का पुस्तकांच्या कपाटाखालच्या खणात जाऊन बसली, दोन्ही कार्डं मी टेबलावर ठेवली आणि फाटकाचं माप घ्यायला गेले. तेवढ्यात बंड्याने आक्काचं कार्ड ओढलं. तिचं नाव गेलं, जन्मसाल गेलं, लसीच्या दोन तारखा गेल्या. लाल अक्षरं शाबूत आहेत.