रिबकेची नथ आणि आत्याच्या पाटल्या

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला नगरकडे गेले होते. सगळं छान चाललं होतं. मग पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले आणि त्यांनी पेत्राचं पहिलं पत्र काढलं, अध्याय तिसरा, वचन तिसरं. केसांचं गुंफणं, सोन्याचे दागिने, भारी पोशाख, यांत बायकांची शोभा नसावी. पुढची वीस मिनिटं "आजकालच्या आपल्या भगिनी" हा विषय. नवरी मान खाली घालून बसलेली, गळ्यात काळ्या मण्यांत ओवलेला इवलासा क्रूस आणि एक राणीहार. माझ्या शेजारी आत्या होती. तिनं हळूच पदर पुढे ओढला आणि मनगटं झाकून घेतली.

तिच्या हातात दोन पाटल्या आहेत. नर्सची नोकरी करून, भिशी लावून, आठ-दहा वर्षांत जमवलेल्या. त्या दोनदा सोनाराकडे गहाण पडल्या. एकदा घरावरचे पत्रे बदलायला आणि एकदा माझ्या कॉलेजच्या फीसाठी. त्या पाटल्या झाकायची वेळ तिच्यावर देवाच्या घरात यावी, हे मला झोंबलं. घरी आल्यावर शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन बसले. आठवडाभर दागिनेच शोधत होते. जे सापडलं ते लिहिते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात रिबकेपासून. शास्त्राचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, अध्याय 24. अब्राहामाचा सेवक धन्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, मुलगी बघायला जातो, विहिरीवर रिबका भेटते, ती त्याच्या दहा उंटांना पाणी पाजते. तहानलेला उंट किती पाणी पितो हे माहीत असेल तर त्या पोरीच्या दंडातली ताकद कळेल. पाणी पाजून झाल्यावर तो अर्धा शेकेल वजनाची सोन्याची नथ आणि दहा शेकेलच्या दोन बांगड्या काढतो. आता शेकेल म्हणजे किती? यरुशलेम आणि आसपासच्या उत्खननांत वजनाचे घडीव दगड मिळालेत, त्यांवरून शेकेल साधारण 11.3 ग्रॅमचा धरतात. आपला जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. म्हणजे शेकेल जवळजवळ तोळाच. अर्ध्या तोळ्याची नथ आणि दहा तोळ्यांच्या बांगड्या! बघायच्या कार्यक्रमालाच.

इथे जुन्या इंग्रजी भाषांतरात नाकातली नथ नाही, कानातला दागिना आहे. मूळ हिब्रू शब्द 'नेझेम' दोन्हींना चालतो, पण पुढे सेवक स्वतःच सांगतो की मी तो तिच्या नाकात घातला. आपल्या मराठी शास्त्रात सरळ 'नथ' आहे. आपल्याकडे नाकातल्या सोन्याचं कुणाला नवल वाटणार?

अजून एक गंमत. सेवक आधी दागिने काढतो आणि मग विचारतो, तू कुणाची मुलगी? घरच्यांना हकिकत सांगताना मात्र क्रम फिरवतो. आधी कूळ विचारलं, मग नथ घातली. मध्यस्थी करणारी माणसं चार हजार वर्षांत फारशी बदललेली नाहीत. आणि रिबकेचा भाऊ लाबान? शास्त्र स्पष्ट सांगतं की बहिणीची नथ आणि बांगड्या बघितल्यावर तो विहिरीकडे धावला. पाहुण्याला म्हणाला, परमेश्वराच्या आशीर्वादिता, आत या! हा लाबान पुढे जावयाला कसा राबवतो ते आठवा. सोन्यावर नजर कुणाची होती, हे शास्त्र पहिल्याच प्रसंगात सांगून मोकळं होतं.

त्या काळी नाणी नव्हती, हे आपण विसरतो. नाणी पाडायला सुरुवात झाली ती इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातल्या लिडियात. त्याआधी पैसा म्हणजे तराजूत तोललेली चांदी. अब्राहामानं बायको सारेच्या दफनासाठी मकपेलाची गुहा घेतली तेव्हा 400 शेकेल चांदी तोलून दिली. इस्राएलात जमिनीखाली चांदीचे साठे सापडलेत, त्यांत मोडलेल्या बांगड्या, कापलेल्या कड्या, तारांचे तुकडे एकत्र पडलेले असतात. गरज पडली की दागिना तोडायचा, तुकडा तराजूत टाकायचा. हातात घातलेलं कडं म्हणजे चालतं-बोलतं बँकेचं पासबुक. आत्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

इस्राएली लोक मिसरातली, म्हणजे इजिप्तमधली, गुलामी सोडून निघतात तो प्रसंग याच नजरेनं वाचला. निर्गम या पुस्तकात देव सांगतो, प्रत्येक बाईनं शेजारणीकडून सोन्या-चांदीचे जिन्नस मागून घ्यावेत आणि आपल्या मुलामुलींच्या अंगावर घालावेत. उपदेशात हे वचन ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकात मात्र नियम आहे की दासाला सोडताना रिकाम्या हातानं पाठवू नका. माझ्या मते मिसरातलं ते सोनं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेठबिगारीची थकलेली मजुरी, आणि ती वसूल केली बायकांनी.

आणि मग ती मागायला आलं कोण? अहरोन, मोशेचा भाऊ. लोकांचा पुढारी मोशे डोंगरावर, लोक अधीर झालेले, अहरोन म्हणतो तुमच्या बायकांच्या, मुलांच्या, मुलींच्या कानांतली सोन्याची कुंडलं काढून आणा. मुलांच्यासुद्धा, बरं का. त्याचं झालं पूजेचं सोन्याचं वासरू. यहुदी परंपरेतली एक जुनी कथा सांगते की बायकांनी दागिने द्यायला साफ नकार दिला, शेवटी पुरुषांनी स्वतःच्या कानांतली कुंडलं दिली. शास्त्रात हे नाही, पण ज्यानं कुणी ही कथा पहिल्यांदा सांगितली त्याला चार बायका नीट माहीत असाव्यात.

त्याच बायका निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, कामाला मात्र हात मोकळा सोडतात. नथी, कुंडलं, मुद्रिका, कडी, इतकं येतं की मोशेला छावणीत दवंडी पिटावी लागते, आता पुरे. मंडपाच्या दारात सेवा करणाऱ्या स्त्रियांचे पितळी आरसे वितळवून गंगाळ केलं गेलं. आणि मंडपात सेवेला उभा राहणारा मुख्य याजक कसा? उरावर बारा रत्नं, तिनाच्या चार ओळी, प्रत्येकावर एका वंशाचं नाव मुद्रेसारखं कोरलेलं. खांद्यांवर आणखी दोन रत्नं. झग्याच्या घेराला सोन्याच्या घंटा, आत जाता-येता वाजणाऱ्या. हे सगळं देवाच्या आज्ञेनं, मापासकट. दागिन्यांनी मढलेला हा माणूस पुरुष होता, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

कारण पुरुषांच्या दागिन्यांवर आमच्याकडे उपदेश होत नाही. इस्राएलचा सेनानी गिदोन आठवा. लढाई जिंकली, राजा व्हायला नाही म्हणाला, केवढं कौतुक. मग म्हणाला, लुटीतली एकेक कुंडलं तेवढी मला द्या. मेलेल्या शत्रूंच्या कानांतली. भरली 1,700 शेकेल, म्हणजे एकोणीस किलोच्या वर सोनं. उंटांच्या गळ्यातल्या चंद्रकोरी वेगळ्या. त्याचं त्यानं एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र असतं तसं, केलं आणि सगळं इस्राएल त्याच्या नादी लागलं.

आणि यहूदा! हा माझा सगळ्यात आवडता प्रसंग. विधवा सून तामार, तिला दिलेला शब्द सासऱ्यानं पाळलेला नाही. ती बुरखा घेऊन वाटेवर बसते, तो तिला वेश्या समजतो, एका करडाच्या बोलीवर सौदा होतो. करडू येईपर्यंत गहाण काय? ती मागते, तुमची मुद्रा, तिचा गोफ आणि हातातली काठी. ही मुद्रा म्हणजे कोरीव दगड, दोरीत ओवून गळ्यात घालायचा. करार झाला की ओल्या मातीवर दाबायचा, झाली सही. यहूदानं एका करडापोटी आपली सही, आपली ओळख, सगळं एका अनोळखी बाईच्या हाती दिलं. तीन महिन्यांनी हाच सासरा सुनेला जाळायला निघतो तेव्हा ती फक्त त्या तीन वस्तू पाठवते. ओळखा, कुणाच्या आहेत. अख्ख्या उत्पत्तीत दागिन्याचा इतका अचूक वापर दुसरा नाही.

अशा मुद्रांचे मातीतले ठसे आजही निघतात. यरुशलेममध्ये 2009 साली खणताना हिज्कीया राजाच्या मुद्रेचा ठसा मिळाला, जेमतेम सेंटिमीटरभर, वर पंख पसरलेला सूर्य आणि "यहूदाचा राजा आहाज याचा हिज्कीया" अशा अर्थाची अक्षरं. फारोनं योसेफाच्या बोटात घातली ती मुद्रा, इराणचा राजा अहश्वेरोश यानं आधी हामानाला आणि मग मर्दखयाला दिली ती मुद्रा. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राच्या बोटात बाप अंगठी घालतो तेव्हा ती शोभेची असेल असं मला वाटत नाही. घराचे व्यवहार परत त्याच्या हाती दिले, असं मी ते वाचते. म्हणून तर थोरला भाऊ चिडला.

पाळकसाहेबांचं दुसरं आवडतं ठिकाण यशया 3. सियोनेच्या कन्या, म्हणजे यरुशलेमच्या बायका, पैंजण छुमछुमवत चालतात म्हणून परमेश्वर त्यांचं सगळं काढून घेईल. एकवीस वस्तूंची यादी आहे. पैंजण, चंद्रकोरी, कुंडलं, नथी, अत्तराच्या डब्या, ताईत. संदेष्ट्याला बायकांची पेटी पाठ होती म्हणायची. पण ही दटावणी सुरू होते सोळाव्या वचनात. चौदा आणि पंधरा कुणी वाचतं का? तिथे देव वडीलधाऱ्यांना आणि अधिपतींना धरतो. गरिबांची लूट तुमच्या घरात आहे, तुम्ही दीनांची तोंडं रगडता. लूट आली कुठून हे आधी, ती कुणाच्या पायात वाजते हे नंतर. आमच्याकडे वाचन नेमकं सोळापासून सुरू होतं.

पेत्र आणि दागिन्यांबद्दल तसंच लिहिणारा पौल यांनी खरोखर काय बघितलं असेल, तेही बघायला हवं. रोमन जगातल्या श्रीमंतीचा एक नमुना थोरला प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलाय. कालिगुला बादशहाची एके काळची बायको लोलिया पाउलिना एका साध्या साखरपुड्याच्या जेवणाला आली ती डोकं, केस, कान, गळा, बोटं पाचू आणि मोत्यांनी झाकून. किंमत चार कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी. आणि कुणी विचारलंच तर दाखवायला पावत्या तयार! अशा जगात, जिथे मंडळीत दासी आणि मालकीण शेजारी बसायच्या, तिथे मोती घालून येऊ नका म्हणणं मला समजतं. नर्सच्या पाटल्यांना ते लावणं समजत नाही. आणि पेत्राचं मूळ ग्रीक वचन अक्षरशः घ्यायचं तर त्यात नुसतं कपडे घालणंही आहे, ते कसं करणार? याकोबाच्या पत्रात तर मंडळीत सोन्याची अंगठी घालून येतो तो पुरुष आहे. त्याला पुढची खुर्ची देऊ नका, असं याकोब सांगतो. त्या लग्नात पुढच्या सोफ्यावर कोण बसलं होतं ते मी लिहीत नाही.

आता शेवटचं. 1979 साली यरुशलेमजवळ हिन्नोमच्या खोऱ्याच्या कडेला, केतेफ हिन्नोम नावाच्या जागी, गॅब्रिएल बार्काय हे पुरातत्त्वज्ञ एका थडग्याच्या गुहेत खणत होते. तिथे चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या मिळाल्या, मधून दोरी ओवता येईल अशा. गळ्यात घालायचे ताईतच. पत्रा इतका ठिसूळ की उलगडायला तीन वर्षं लागली. मोठी गुंडाळी उलगडून 97 मिलिमीटर लांब, धाकटी तर बोटाच्या पेराएवढी. त्यांवर सुईसारख्या टोकानं कोरलेलं होतं, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो. गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला याजकांचा आशीर्वाद. काळ इ.स.पू. 600 च्या आसपासचा. मृत समुद्राजवळ सापडलेल्या शास्त्राच्या प्रसिद्ध जुन्या हस्तलिखितांपेक्षाही काही शतकं जुना. शास्त्रातला सर्वांत जुना मजकूर जो आज माणसाच्या हाती आहे, तो एका दागिन्यावर आहे.

आणि हाच आशीर्वाद त्या दिवशी उपदेश संपल्यावर पाळकसाहेबांनी हात उंचावून नवरा-नवरीला दिला. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले.

काल आत्याला फोन करून हे सगळं सांगितलं. यशया, प्लिनी, ताईत, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते राहू दे. रिबकेला दहा तोळे घातले म्हणतेस, घडणावळ धरून की वेगळी?"