इम्पॅक्ट फॅक्टर एक, म्हणून लष्करी जर्नल बिनकामाचं? अजिबात नाही

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. लष्करी धोरणावरच्या जर्नल्सचा इम्पॅक्ट फॅक्टर एक-दोनच्या घरात, मेडिकलच्या टॉप जर्नल्सचा पन्नासच्या वर, म्हणजे ही जर्नल्स कोणी वाचत नाही, धोरणावर यांचा परिणाम शून्य, आणि आकडे खोटं बोलत नाहीत. आकडे कमी असतात हे खरंय, पण त्यावरून काढलेलं बाकी काहीच टिकत नाही.

'कोणी वाचत नाही' हे आधी घेऊ. इम्पॅक्ट फॅक्टर वाचक मोजतच नाही हो! मागच्या दोन वर्षांत जे छापलं त्याला यंदा किती सायटेशन्स, म्हणजे इतर जर्नल्समधल्या लेखांत दिलेले संदर्भ, मिळाली, भागिले त्या दोन वर्षांतले लेख, बस. 60 लेख, 60 सायटेशन्स, उत्तर एक. आता स्टाफ कॉलेजात, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेत, असा लेख वाचणारा मेजर पुढे जाऊन प्लॅन लिहितो, ब्रीफिंग देतो, वरिष्ठांना नोट पाठवतो, रिसर्च पेपर लिहून सायटेशन देत बसत नाही, म्हणजे या जर्नलचा जो खरा वाचक आहे तोच हिशोबातून गायब.

मेडिकलशी तुलना तर नकोच. तिथे पेपर्सचा पूर येतो आणि सायटेशन्स झटपट पडतात. युद्धशास्त्रातला लेख पाच-दहा वर्षांनी कुणाच्या तरी पुस्तकात कामी येतो, तोवर दोन वर्षांची खिडकी कधीच बंद झालेली असते.

'परिणाम शून्य' याचा मला सगळ्यात राग येतो. 2006 मध्ये अमेरिकन आर्मीच्या 'मिलिटरी रिव्ह्यू'त डेव्हिड किलकलन यांचा बंडखोरीविरोधी लढाईवरचा लेख आला, सैन्याच्या 'कंपनी' नावाच्या तुकडीच्या कमांडरने प्रत्यक्ष काय करायचं याचे 28 मुद्दे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकन सैन्याचं एफएम 3-24 हे फील्ड मॅन्युअल, म्हणजे अधिकृत मार्गदर्शक पुस्तक, निघालं आणि त्याच्या परिशिष्टात हेच मुद्दे थोडे बदलून घेतले. जर्नलमधला मजकूर थेट सैन्याच्या अधिकृत पुस्तकात! यापेक्षा मोठा परिणाम कुठला? पण मॅन्युअल म्हणजे जर्नल नव्हे, त्यामुळे इम्पॅक्ट फॅक्टरच्या गणितात याची किंमत शून्य.

आणि आकडे खोटं बोलत नाहीत म्हणे. स्फटिकशास्त्रातल्या 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास होता, 2009 मध्ये एकदम 49.926 झाला, कारण 2008 मधला एकच लेख, एका सॉफ्टवेअरबद्दलचा, ते सॉफ्टवेअर वापरणारे या लेखाचं सायटेशन देत होते. बाकी लेख होते तसेच होते.

मग मोजायचं कसं? धोरणपत्रांच्या तळटीपा बघा, संसदीय समित्यांसमोरच्या साक्षी बघा, स्टाफ कॉलेजांचे सिलॅबस बघा, मसुदा लिहिणाऱ्या टीममध्ये जर्नलचे लेखक होते का ते बघा. संपादकांनाही सांगायचंय, नुसते डाउनलोडचे आकडे दाखवून 'आमचा धोरणावर प्रभाव' म्हणू नका, डाउनलोड म्हणजे वाचन नाही आणि वाचन म्हणजे निर्णय नाही. शिवाय लष्करातले बरेच कागद गोपनीय असतात, त्यांच्या तळटीपा कुठल्याच डेटाबेसमध्ये येत नाहीत, तिथे निवृत्त अधिकाऱ्यांना गाठून, त्यांना सांगता येईल तेवढं विचारून नोंदवणं एवढाच मार्ग उरतो, वेळखाऊ आहे, पण करायला हवं.