डिझेल फिल्टर पान्याने आवळणाऱ्यांनो…

पाऊण फेरा! नव्या फिल्टरचं रबर हेडला, म्हणजे फिल्टर ज्याला आट्यांनी लटकतो त्या वरच्या बैठकीला, टेकलं की तिथून पुढे पाऊण फेरा, आणि तोही नुसत्या हाताने. फिल्टरच्या डब्यावर छापलेलं असतं. वाचायचा कंटाळा असेल तर शेजारी चित्रसुद्धा असतं. तरी कुणीतरी महाभाग चेन पाना लावतो, पान्याच्या दांड्यात पाईप घालतो आणि ‘परत गळायला नको’ म्हणत असा आवळतो, जणू त्या फिल्टरला अख्खा टेम्पो टांगायचाय. अहो, गळती ताकदीने थांबत नाही, रबराने थांबते. जास्त आवळलं की रबर चेपून कडेने बाहेर येतं, इंजिनाच्या उष्णतेत भाजतं आणि हेडच्या ॲल्युमिनियमला डिंकासारखं धरून बसतं. त्यात कोरडंच बसवलेलं असेल तर संपलंच. पुढच्या खेपेला तो काढायला बसणारा आवळणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

वेळही कशी? रात्री अकराला नारायणगावात टोमॅटोचे क्रेट भरायचे, पहाटे वाशीला माल उतरवायचा आणि संध्याकाळी पाचला घरासमोर पुठ्ठा अंथरून टेम्पोखाली शिरायचं. काम म्हणे अर्ध्या तासाचं. व्हिडिओत असतंच अर्ध्या तासाचं, कारण तिथल्या गाडीने चिखल पाहिलेला नसतो.

त्यात फिल्टर बसवलेला असतो तरी कुठे! एका बाजूला चासी, दुसरीकडे कूलंटचा होज, खाली वायरिंगचा जुडगा. पाना लागतो, पण फिरायला दोन इंचसुद्धा जागा नाही. ज्याने ही जागा ठरवली त्याने आयुष्यात स्वतःच्या हाताने फिल्टर बदललेला नसणार, हे लिहून घ्या.

आणि दिशा! निम्मी डोकेफोड इथेच होते. फिल्टर तोंड वर करून लटकलेला असतो. खालून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवला की सुटतो. पण बॉनेटमधून किंवा सीट उचलून वरून हात घातला की सुटायची हीच दिशा काट्यासारखी दिसते. माणूस सवयीने वरूनही डावीकडे झटके देतो, म्हणजे आधीच जाम असलेला फिल्टर आणखी आवळतो, आणि वर म्हणतो, ‘लईच घट्ट बसलाय राव!’ डब्यावर खडूने बाण काढा, मग पाना उचला.

त्याआधी तळाचा ड्रेन उघडून पाणी आणि डिझेल काढून घ्या. खाली पाच लिटरचा तेलाचा कॅन आडवा कापून ठेवा, तांब्याबिंब्याने भागत नाही. डिझेल कूलंटच्या होजवर पडलं तर ते रबर फुगून पिलपिलीत होतं, अल्टरनेटरवर पडलं तर वेगळाच खर्च, म्हणून दोन्हींवर प्लास्टिकची पिशवी बांधा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, चाकाला दगड लावा आणि बिडी ओढणाऱ्या सल्लागारांना गेटबाहेर घालवा.

आता काढायचं. इंजिन ड्रेन उघडण्याआधीच पाच-दहा मिनिटं चालवून कोमट केलेलं असावं, म्हणजे रबर जरा नरम पडतं. तापलेल्या इंजिनावर मात्र डिझेल सांडायचं नाही. डबा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा पुसा, कारण डिझेल लागलेल्या पत्र्यावर पट्ट्याच्या पान्याचा पट्टा धरत नाही. तरी घसरलाच तर पट्टा आणि डबा यांच्यामध्ये काचपेपर घाला. पाना डब्याच्या वरच्या कडेला, हेडच्या लगत लावायचा. तिथे आत जाड प्लेट असते. मधोमध लावला की पातळ पत्रा कोल्ड्रिंकच्या कॅनसारखा चेपतो आणि मग पट्टाही बसत नाही, चेनही बसत नाही.

मग येतो सर्वांचा लाडका उपाय, स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवणे. अरे, पत्रा फाटतो! डब्याचा खालचा भाग चिंधीसारखा हातात येतो, कागदाची घडी लोंबकळत राहते आणि वर ती गोल प्लेट रबरासकट हेडला चिकटलेली तशीच. एव्हाना ती वेळ आलीच असेल तर घाबरू नका. प्लेटला कडेने डिझेल आत जायची भोकं असतात. त्यातल्या एकात छिन्नीचं टोक तिरकं अडकवून सुटायच्या दिशेने हलके हलके ठोके द्या. दणके घालू नका, हेडचं ॲल्युमिनियम चिरलं तर फिल्टरच्या किमतीचं हसू येईल. हेडच हलत असेल तर दोन बोल्ट काढून ते सरळ वाइसमध्ये धरा. कधी मधला आट्यांचा स्टड जुन्या फिल्टरबरोबरच निघून येतो. तो न बघता फिल्टर फेकलात तर नवा कशाला लावणार?

डिझेलमधलं पाणी ओळखणाऱ्या सेन्सरचा राग वेगळा. तो फिल्टरच्या बुडाला असतो, प्लास्टिकचा, आणि जुन्यावरून काढून नव्यावर लावावा लागतो. वायरच्या कनेक्टरचं लॉक उष्णतेने बिस्किटासारखं झालेलं, त्यात चिखल. आधी पाण्याने धुवा, मग लॉक दाबा. पकडीने ओढलं की मोडलं. सेन्सर आवळतानाही तेच: प्लास्टिकचे आटे आहेत, नवी ओरिंग टाका आणि हातानेच बसवा.

नवा लावण्याआधी हेडवर बोट फिरवून बघा. जुनं रबर तिथेच चिकटलेलं असतं आणि त्याच्यावरच नवा चढवला की रबरावर रबर बसतं. असला फिल्टर कितीही आवळा, सील धरणार नाही. मग हे वीर काय करतात? पान्याने आणखी आवळतात!

पुसायला धागे सुटणारी कॉटन वेस्ट नको, स्वच्छ कापड घ्या. नव्या रबराला स्वच्छ डिझेलचं बोट लावा. कॉमन रेल इंजिन (एकाच जाड नळीतून सगळ्या इंजेक्टरना जबर दाबाने डिझेल देणारं) असेल तर मधल्या भोकातून डिझेल ओतून फिल्टर भरायचा नाही. ते भोक गाळून बाहेर पडणाऱ्या डिझेलचं आहे. तिथून ओतलेला कचरा न गाळता थेट पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातो. ज्या इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनची, त्याला तुमच्या गंजक्या कॅनमधलं डिझेल पाजायचं?

नंतर एअर, म्हणजे डिझेलच्या लाईनीत शिरलेली हवा, काढणं. हवा सोडायचा ब्लीड स्क्रू ढिला करा, डिझेलचा हातपंप मारत राहा, फेस थांबून सलग धार आली की स्क्रू बंद, आणि पंप कडक होईपर्यंत आणखी दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर बॅटरी जोडून चावी अर्धा मिनिट ऑन, मग ऑफ, असं तीन-चारदा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे मिनिटभर थांबा. इथे शेजारचे काका येऊन ‘इंजेक्टरचे नट ढिले करून एअर काढ’ सांगतात. काका, ते जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला ठीक होतं. कॉमन रेलमध्ये प्रेशर 1600 ते 2000 बारपर्यंत जातं. ती बारीक धार कातडी फोडून हातात शिरते आणि थेट ऑपरेशनची वेळ येते. चालू इंजिनात गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवा, बोट नाही.

आणि बाहेर थेंब दिसला नाही म्हणून शिट्टी वाजवत निघू नका. बऱ्याच गाड्यांत फिल्टर पंपाच्या आधी, ओढीच्या बाजूला असतो. तिथे सील कच्चं असलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्री गाडी मस्त सुरू होते आणि मार्केटमध्ये माल उतरवून झाल्यावर नुसती कुरकुरते. बँजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) जुने तांब्याचे वायसर परत वापरले की हाच प्रकार होतो. दहा-वीस रुपयांचे वायसर वाचवले, आता वाशीत टोइंगवाला शोधा.

जुना फिल्टर आणि कॅनमधलं काळं डिझेल घंटागाडीत किंवा गटारात टाकू नका, जळक्या तेलाच्या पिंपासाठी गॅरेजला द्या. आणि नव्या डब्यावर मार्करने तारीख, किलोमीटर आणि खाली मोठ्या अक्षरात लिहा: ‘हाताने बसवलाय. पाना लावलास तर याद राख.’