‘प्रोबे’ कोरलेले प्रत्येक जर्मन नाणे सरकारी नसते

नाण्यांच्या बाजारात एक दावा सतत फिरतो: दोन महायुद्धांमधल्या जर्मन नाण्यावर ‘प्रोबे’ (चाचणी) असे कोरलेले असेल, किंवा ते अ‍ॅल्युमिनियमचे वा चिनी मातीचे असेल, तर ते मोजकेच पाडलेले सरकारी चाचणी नाणे (नवी रचना किंवा धातू अजमावण्यासाठी पाडलेले), मिळेल त्या भावात घ्या. नवे संग्राहक यात हकनाक पैसे घालवतात, याचे वाईट वाटते.

पहिली गोष्ट, ‘प्रोबे’ कोरायला टांकसाळच लागत नव्हती. म्युनिकचे पदककार कार्ल गोएट्झ यांनी वायमार काळात (पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकात) स्वतःच्या कल्पनेतली नाणी ठशात उतरवली आणि वेगवेगळ्या धातूंत पाडली. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या चेहऱ्याचीही. मला ती कित्येक अधिकृत नाण्यांपेक्षा देखणी वाटतात, संग्रहात त्यांना मानाची जागा हवीच. पण ते एका कलावंताचे खासगी काम आहे. सरकारी चाचणी म्हणून त्याचा भाव लावणे ही फसवणूक आहे. शिवाय गोएट्झ यांच्या कामाच्या नकलाही जुन्याच: जर्मनीने बुडवलेल्या लुसिटानिया या ब्रिटिश प्रवासी जहाजावरच्या त्यांच्या पदकाच्या प्रती ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातच लाखांच्या घरात निघाल्या होत्या.

अ‍ॅल्युमिनियम म्हणजे दुर्मीळ, हे तर साफ खोटे. 1923 च्या महागाईत 200 मार्कांचे अ‍ॅल्युमिनियमचे नाणे एकट्या बर्लिनच्या टांकसाळीने 17 कोटींहून अधिक पाडले. त्यावर ‘ए’ हे अक्षर असते. आजही ते स्वस्तात मिळते.

चिनी मातीचेही तसेच. माइसनच्या चिनी मातीच्या कारखान्याने 1920-21 मध्ये सॅक्सनी या जर्मन राज्यासाठी 20 फेनिगपासून (100 फेनिग म्हणजे 1 मार्क) 20 मार्कांपर्यंतची तपकिरी नाणी बनवली. त्यांत चाचण्या आहेत, पण आपल्यासमोर येणारे साधे तपकिरी नाणे बहुधा नेहमीचेच असते.

या दाव्याची उलटी बाजू मात्र जास्त नुकसान करते. ‘प्रोबे’ हा शब्द नाही म्हणून लोक खरी चाचणी नाणी बाजूला सारतात. धातूची चाचणी घेताना नेहमीचाच ठसा वापरला, तर नाण्यावर वेगळे काहीच दिसत नाही. तिथे तराजू बोलतो. 1927 पासूनचे ओकवृक्षाचे 5 राइशमार्कांचे (महागाईनंतर आलेले जर्मन चलन) नेहमीचे नाणे 36 मिलिमीटरचे, 25 ग्रॅमचे आणि निम्म्या चांदीचे. यात ठळक फरक आढळला तर विशिष्ट गुरुत्व मोजा; कड कानशीने घासू नका, नाणे कायमचे बिघडते. फरक म्हणजे लगेच चाचणी असेही नाही, मुलामा दिलेली बनावट नाणीही असतात. म्हणून हे नाणे आधी कोणत्या लिलावात, कोणत्या संग्रहात होते, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर मिळाले नाही, तर चाचणी नाण्याचा भाव देऊ नका.