उचल दिली म्हणून माणूस डांबता येत नाही

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला. टाकणारे आमचेच तात्या, ज्यांचा ट्रॅक्टर कारखान्याला लागतो. मेसेज असा: 'वेठबिगारी 1976 लाच संपली. मजूर अंगठा स्वखुशीने देतो. उचल फिटेपर्यंत त्याला फडावर थांबवायचा मुकादमाला कायदेशीर हक्क आहे, पळाला तर घरचं माणूस बसवून घेता येतं.' खाली 'वकिलांनी तपासलेले'. कोणते वकील, देव जाणे. (उचल म्हणजे हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे: ट्रॅक्टरवाला ते मुकादमाला, म्हणजे तोडणीला टोळी आणणाऱ्याला देतो आणि मुकादम मजुरांना.)

शेवटचं आधी घेतो, कारण ते वाचून डोकंच फिरलं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा निघून गेला म्हणून बायको-पोरांना कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, अडकवून ठेवणं म्हणजे सरळ डांबून ठेवण्याचा गुन्हा. त्यांच्याकडून ऊस तोडून घेतला तर 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचं कलम 16 लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि पोरगं उचलीत धरायचं म्हणता? मूल कामासाठी गहाण टाकायचा करार इंग्रजांनीसुद्धा 1933 मध्ये रद्दबातल ठरवला होता!

'कायदेशीर हक्क' तर उलटाच आहे. माणूस बांधून घेणारा करार याच 1976 च्या कायद्याच्या कलम 5 प्रमाणे रद्द. असल्या उचलीच्या वसुलीचा दावा कलम 6 मुळे कोर्टात उभाच राहत नाही. मजुराने 'ही वेठीची उचल आहे' म्हटलं, की ती तशी नाही हे सिद्ध करायचं काम कलम 15 ने देणाऱ्यावर टाकलंय. मुकादमाची वही दाखवून भागत नाही.

1976 ला संपली म्हणे. कायद्याने बंदी घातली म्हणून फडावरची बंद झाली का? दारूबंदीचं काय झालं ते तात्यांना मी सांगायला नको.

स्वखुशीचं म्हणाल, तर आशियाई खेळांच्या बांधकामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगितलंय: पोटासाठी नाइलाजाने किमान वेतनाहून कमी मजुरीत राबावं लागणं हीसुद्धा सक्तीच, राज्यघटनेच्या कलम 23 चा भंग.

आता एक मान्य करावं लागेल. नुसती उचल देणं गुन्हा नाही. ती देऊन माणसाची जाण्या-येण्याची, दुसरीकडे काम धरायची मुभा काढून घेतली की गुन्हा होतो. आणि लाखोंची उचल घेऊन गायब होणारे मुकादम आहेत, त्यापायी ट्रॅक्टरवाले कर्जात बुडतात, हेही खरं. तर मग मुकादमावर फसवणुकीची फिर्याद द्या. कोपीवरच्या बाईला कशाला धरता?